जी वस्तू माझी नाही तिच्याबद्दल

नारायणगुडा, हैदराबाद
शनिवार, १२ ऑक्टोबर १९९६

आधी दादांची क्षमा मागते. मे महिन्यापासून मी मलकपेठला आले नाही, फोन केला नाही, राखी पोस्टाने पाठवली. माझ्या रोजच्या वहीतही या काळात फारसे काही लिहिलेले नाही. लिहायला बसले की पेन एकाच गोष्टीपाशी येऊन थांबे आणि मी वही मिटून ठेवत असे. आज तसे करता येणार नाही.

मी, इंदुमती शशिकांत बिरादार, माहेरची सोळुंके, वय सत्तेचाळीस, शिक्षण बी.एस्सी., धंदा परवान्याच्या हत्यारांची विक्री व दुरुस्ती, राहणार वरील ठिकाणी, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुंगीचे औषध मी मुद्दाम काल रात्रीपासून घेतलेले नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. भीती आहे, पण ती कोणा माणसाची नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कारण असे की माझ्या अन्ननलिकेत गाठ आहे आणि बुधवारी शस्त्रक्रिया ठरली आहे. सोमवारी दाखल व्हायचे आहे. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी घशातून दिव्याची नळी आत घातली आणि डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले. नंतर मी त्यांना म्हटले, बरी होईन की नाही, एका शब्दात सांगा. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला राग आला. रिक्षा घरापाशी येईपर्यंत तो उतरला, कारण हेच वाक्य मी मे महिन्यात दादांना म्हटले होते, आणि ते रागावले तेव्हा चूक त्यांची आहे असे मला वाटले होते.

कलम पहिले. नारायणगुड्यातील माझे दोन खोल्यांचे घर, आतल्या सामानासह, माझी भाची प्रणिता हणमंतराव सोळुंके हिला द्यावे. मला मूल नाही. प्रणिता माझ्या भावाची एकुलती एक मुलगी, वय तेवीस, बेगमपेठच्या एका कंप्युटर कंपनीत नोकरीला आहे आणि अमेरिकेच्या व्हिसाची वाट पाहत आहे. घर विकून जायचे असेल तर खुशाल विकावे. माझ्या साड्या नेसण्याचा आग्रह कोणी तिला करू नये.

तिला मराठी वाचायला वेळ लागतो, ती अक्षर जोडत जोडत वाचते. म्हणून हा कागद तिच्या हातात देऊ नये, कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा. विशेषतः चौथे कलम.

कलम दुसरे. नामपल्लीचे दुकान भाड्याचे आहे. त्याचा परवाना मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. लोकांनी ठेवायला दिलेली हत्यारे ज्याची त्याला किंवा पोलिसांत पोचवावीत. अवजारे, म्हणजे लोखंड पकडायचे दोन्ही शेगडे, कानशी, पितळी ब्रश, गज आणि जुनी लेथ, माजिदभाईंना द्यावीत. माझ्या यजमानांच्या वेळेपासून ते या दुकानात मिस्त्री आहेत आणि या अवजारांवर माझ्यापेक्षा त्यांचा हात जास्त फिरला आहे. त्यांना मी साक्षीला बोलावणार होते, पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही असे वकिलांनी सांगितले. माजिदभाई म्हणाले, "फिर अवजारां नक्को बाई, मैं साइन करतूं." मी अवजारेच ठेवली.

दुकानाबद्दल एक जुनी गोष्ट इथे लिहून ठेवते. यजमान गेले तेव्हा मी चाळिशीही गाठलेली नव्हती. दादांचे म्हणणे होते की दुकान विकून मलकपेठला येऊन राहावे. ते न ऐकता मी परवान्याचा अर्ज करणार म्हटले, तेव्हा तेराव्याला जमलेल्या चार माणसांत ते म्हणाले, "आता बाई बंदुका विकणार. मग आम्ही काय, बांगड्या भरायच्या?" लोक हसले. आबासाहेब, म्हणजे आमचे वडील, तिथेच बसले होते. परवाना हातात आला त्याच दिवशी ते नामपल्लीला आले, रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "साफ करून ठेवा, बाई. कधी येऊ घ्यायला?" मुलीला त्यांनी त्या एकाच दिवशी बाई म्हटले. माझे पहिले गिऱ्हाईक ते.

दादा, तुमचे ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. आज ते परत करते आहे. आता त्याचे माझ्याकडे काही काम नाही.

कलम तिसरे. बँकेत असेल त्यातून आधी दवाखान्याचे बिल द्यावे. उरेल ते आईच्या, म्हणजे सावित्रीबाईंच्या, औषधपाण्यासाठी ठेवावे. आई दादांकडे असते. तिला दिसत जवळजवळ नाही, ऐकू मात्र सगळे येते, हे घरातल्यांनी लक्षात ठेवावे.

कलम चौथे. हे कलम कायद्याला धरून नाही. माझे शेजारी नामदेवराव मुधोळकर वकील यांनी मला स्पष्ट सांगितले की जी वस्तू आपली नाही तिच्याबद्दल मृत्युपत्रात काही लिहिता येत नाही, लिहिले तरी त्याला अर्थ नाही. अर्थ नसेना, मी लिहिते. बाकीचा कागद मी या कलमासाठीच करते आहे.

ते आबासाहेबांचेच रिव्हॉल्वर. इंग्रजी बनावटीचे, बिजागरीवर मोडून उघडणारे, बत्तीस बोअरचे. आबासाहेब गेल्यावर ते दादांच्या परवान्यावर चढले आणि आता प्रणिताच्या नावे व्हायचे आहे. ती कॉलेजात एनसीसीत होती, नेम चांगला आहे, दादांना तिचे कौतुक आहे. या दसऱ्याला बार प्रणिता काढणार, असे त्यांनी सगळ्या भाऊबंदांना सांगून ठेवले आहे. घटकेसरच्या मळ्यात पूजेनंतर एक बार हवेत काढायची आमच्या घरची रीत आहे. ती कायद्यात बसत नाही हे मी दरवर्षी सांगत आले.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या रिव्हॉल्वरची नळी आतून फुगलेली आहे आणि त्यातून आता कोणीही बार काढू नये.

हे कसे झाले ते सांगते, कारण दादांना सांगायला गेले तेव्हा पूर्ण सांगू दिले गेले नाही.

पूजेत मांडलेल्या हत्याराचे तोंड देवाकडे उघडे असू नये, असे आईचे मत. म्हणून देवाला घालतो तसे कापसाचे वस्त्र ती करते, तुपात आणि हळदकुंकवात भिजवते आणि नळीच्या तोंडात बोटाने घट्ट बसवते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची ही पद्धत आहे. पूजा आटोपली की आबासाहेब खराट्याची हीर घेऊन तो कापूस बाहेर ओढत आणि अत्तराचा फाया ठेवावा तसा कानात ठेवत. मग बार. तो पिवळा फाया कानात घालून ते दिवसभर मळ्यात मिरवायचे. आम्ही हसायचो. ही आबासाहेबांची एक मजा आहे, असेच सगळ्यांना वाटे. दादांनाही. नळी मोकळी केल्याशिवाय बार काढायचा नाही, हे आबासाहेबांनी कधी कोणाला सांगितले नाही. सांगावे लागेल असे त्यांना वाटले नसेल.

गेल्या वर्षी ते उन्हाळ्यात गेले. दसऱ्याला पहिल्यांदाच बार दादांनी काढला. पूजेतून हत्यार उचलले, हळद पुसली आणि हात वर केला. मी तिथे नव्हते. आबासाहेब असताना ते मला हाक मारत, "इंदू, पुढं ये, हत्यार बघ." गेल्या वर्षी कोणी हाक मारली नाही. विधवा बाईने पूजेत पुढे येऊ नये एवढे मला न सांगता कळते, म्हणून मी विहिरीपाशी आचाऱ्यांच्या बाजूला उभी होते. आवाज मात्र ऐकला. नेहमीपेक्षा जड वाटला. वारा उलटा असेल असे मनाशी म्हटले.

नंतर प्रणिताने सांगितले की बार झाल्यावर वरून कापसाचे जळके पुंजके खाली आले आणि तुपाचा वास सुटला. एक पुंजका आईच्या पदरावर पडला. तिने तो चाचपून पाहिला आणि म्हणाली, "यांनी फाया टाकला वरून." तो तिने देवघरात डबीत ठेवला आहे.

या वर्षी निवडणुकीच्या आधी सगळ्यांची हत्यारे जमा करायचा हुकूम निघाला तेव्हा दादांनी रिव्हॉल्वर माझ्याकडे आणून ठेवले. चौऱ्याण्णवच्या निवडणुकीतही ते माझ्याकडेच होते आणि तेव्हा मी नळी पाहिली होती, आरशासारखी होती. या वेळी पाहिली तर तोंडापासून अंगठ्याच्या पेराइतके आत एक काळे वलय दिसले, नळी फुगली की दिसते तसे. मी पाहिले ते खरे की नाही, अशी शंका मला आधी माझ्याच डोळ्याची आली, कारण तेव्हाही प्रकृती ठीक नव्हती. म्हणून साफ करून पुन्हा पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात पुन्हा पाहिले. वलय तिथेच होते. त्याच्या कडेला केसासारखी एक रेघही दिसली. ती चीर आहे की नळीतले पिळाचे आटे कोरताना राहिलेला जुना ओरखडा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तशी चीर तपासायचे यंत्र शहरात एका सरकारी कारखान्यात आहे. तिथे खासगी हत्यार आत घेत नाहीत. मी फाटकापर्यंत जाऊन आले.

नळी बदलता आली असती तर हा प्रश्नच नव्हता. पण या बनावटीची नळी बाहेरून मागवता येत नाही, बंदी आहे. चार-पाच वर्षांत बाहेरचे काय काय येऊ लागले. अबिड्सला दुकानांच्या काचांमागे जपानी टेपरेकॉर्डर, कोरियन मिक्सर, परदेशी साबण. ही एवढीशी लोखंडी नळी तेवढी येत नाही.

निकाल लागल्यावर दादा रिव्हॉल्वर न्यायला आले. मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि सांगितले. ते म्हणाले, "फुटेल की नाही, तेवढं सांग."

"सांगता येत नाही, दादा. पुढच्याच बाराला फुटेल, नाहीतर पन्नास बार तशीच जाईल."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"वलय आहे हे माहीत आहे. कापूस काढायचा राहिला आणि—"

"कोणाचा कापूस?"

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"ऐंशी वर्षांच्या बाईच्या पूजेनं बाबांचं हत्यार नासलं, असं म्हणायचंय तुला?" ते माजिदभाईंच्या देखत म्हणाले. "सरळ सांग ना, दुकानात ठेवून घ्यायचंय म्हणून."

मी रिव्हॉल्वर मोडून त्यांच्यासमोर धरले, मागे पांढरा कागद लावला आणि म्हटले, तुम्हीच बघा. त्यांनी पाहिले नाही. म्हणाले, "शिकलेली तू. मला काय दिसणार त्यात." आणि ते पिशवीत घालून गेले. सिकंदराबादच्या एका दुकानदाराला त्यांनी ते दाखवले. त्याने नुसते तोंडाशी डोळा नेऊन सांगितले की शिसे साचले आहे, बाकी काही नाही. दोघांपैकी एकाचे ऐकायचे तर माणूस आपल्याला बरे वाटेल तेच ऐकतो. मीही पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेले मानले नव्हते, दुसऱ्यांकडे गेले होते.

माजिदभाईंनी त्या दिवशी मला समजावले, "बाई, फटती बोलके बोल देव ना. पक्का फटती. झूट का गुना मेरे सर पो." ते बरोबर म्हणत होते असे आता वाटते. मला जे माहीत नाही ते मी माहीत आहे म्हणून सांगितले असते तर हत्यार आज कपाटात पडून असते. तेव्हा तोंडातून निघाले नाही. हा माझा खरेपणा होता की माझे म्हणणे चुकीचे ठरले तर काय, ही भीती होती, याचा विचार मी अजून करते आहे.

आणखी एक. दादा यायच्या आदल्या संध्याकाळी मी कानस हातात घेतली होती. काडतुसावर आपटणारे घोड्याचे टोक थोडे घासले असते तर बार निघालाच नसता, आणि कोणाला कळलेही नसते. पण दुसऱ्याच्या हत्याराला त्याच्या नकळत हात लावायचा नाही, हे यजमानांनी मला या धंद्यात सगळ्यात आधी शिकवले. शिवाय दादा ते उशाशी ठेवून झोपतात. कधी खरेच चोर आला आणि ते चालले नाही तर? मी कानस खाली ठेवली. प्रणिताच्या उजव्या हाताला काही झाले, तर ती कानस मी खाली ठेवली होती, हेही या कागदात नोंदलेले असावे.

परवाना देणाऱ्या कचेरीला मी पत्र लिहिले. उत्तर आले की हत्यार वापरण्याजोगे ठेवणे ही परवानाधारकाची जबाबदारी आहे, विक्रेत्याने त्यास योग्य सल्ला द्यावा. सल्ला मी दिला होता.

जुलैत प्रणिताचा दुकानात फोन आला. "आत्या, गनचा काय प्रॉब्लेम आहे? बाबा म्हणतात तू उगाच टेन्शन घेतेस." मी म्हटले, "बाबांना विचार." बापाला ओलांडून मुलीशी बोलणे मला बरे वाटले नाही. ती म्हणाली, "मी तुला विचारतेय ना पण." मग तिच्या ऑफिसातून कोणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

कलम पाचवे. घटकेसरच्या मळ्यात आबासाहेबांच्या पश्चात माझ्या नावे आलेला तुकडा, त्यातील विहिरीसह, माझे बंधू हणमंतराव आबासाहेब सोळुंके यांना द्यावा, अशा अटीवर की त्यांनी चौथ्या कलमातील रिव्हॉल्वर नष्ट करण्यासाठी पोलिसांत जमा करावे आणि त्याची पावती नामदेवरावांना दाखवावी. दादांची द्राक्षाची बाग त्या विहिरीवर आहे. अट मान्य नसेल तर तुकडा आणि विहीर नारायणगुड्याच्या मराठी वाचनालयाला जावी. विहिरीचे काय करायचे ते वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरवावे; वार्षिक सभेत यावर किती तास जातील हे मी सांगू शकते.

दादांना राग येईल. विहीर देते म्हणून मी जिवंतपणीही म्हटले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "बाबांचं हत्यार विकत घेतेस काय?" नामदेवरावांचे म्हणणे, जिवंत माणसाकडून जे घेत नाहीत ते गेलेल्या माणसाकडून घेतात. म्हणून पुन्हा लिहिले.

हे कलम मी दसऱ्याच्या आत गेले तरच कामाचे आहे. म्हणून माझे काही बरेवाईट झाले तर तेराव्याची वाट न पाहता त्याच दिवशी हा कागद मलकपेठला वाचावा. हे लिहून झाल्यावर मी नामदेवरावांना विचारले, आणि मी जगले तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "जगलात तर हा नुसता कागद, इंदुताई. जगावं हीच इच्छा." मला त्यांच्या इच्छेबद्दल शंका नाही. पण जगले तर दसऱ्याला मी पोटात नळ्या घालून दवाखान्यात पडलेली असेन, तिकडे मळ्यात प्रणिता हात वर करील, आणि हे पाचवे कलम माझ्या कपाटात असेल. माझ्या मरणाला थोडा तरी उपयोग आहे आणि जगण्याला या बाबतीत काहीच नाही, असा हा हिशेब निघतो. मी तो पुन्हा पुन्हा मांडून पाहिला.

कलम सहावे. माझी छोटी विजेरी आणि यजमानांचे पितळी चौकटीचे भिंग प्रणिताला द्यावे. ती कंप्युटरवर काम करणारी मुलगी, तिला याचे काय, असे कोणी म्हणू नये. वापरायची रीत लिहून ठेवते, म्हणजे कोणाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही, माझ्यासुद्धा.

प्रणिता, आधी हत्यार मोडून सहाही घरे रिकामी आहेत हे डोळ्याने बघ आणि मग बोट घालून बघ. लगेच नळीत पाहू नकोस. मळलेल्या नळीत जे दिसते त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. रॉकेलमध्ये भिजवलेला पितळी ब्रश फिरव, मग कोरड्या चिंध्या काढ, शेवटची पांढरी निघेपर्यंत. शिसे असेल तर करड्या पापुद्र्यांसारखे ब्रशबरोबर निघून येते. निघून आले तर सिकंदराबादचा दुकानदार बरोबर आणि मी चूक, आणि मला आनंद होईल.

मग मागच्या बाजूला पांढरा कागद धर, त्यावर विजेरी टाक आणि तोंडाकडून पाहा. आत पिळासारखे आटे दिसतील. त्यांच्या मधल्या खाचांत बारीक काळे ठिपके दिसले तर तो गंज. जुन्या काडतुसांची राख ओल ओढून घेते, ती तेलाने जात नाही, गरम पाण्यानेच जाते. आबासाहेब नळी धुवायला चहाचे पाणी वापरायचे आणि आई चिडायची. ठिपक्यांनी नेम बिघडतो, हात जात नाही. त्यांना घाबरू नकोस.

वलय वेगळे. पूर्ण गोल, काळे, बांगडीसारखे. दिसले तर नळी हळूहळू फिरव आणि उजेडही हलव. उजेडाबरोबर सरकली ती सावली. जागच्या जागी राहिले ते वलय. एवढ्यावरही विश्वास ठेवू नकोस. गजाला चिंधी घट्ट गुंडाळ आणि मागून सावकाश ढकल. हाताला सारखा जोर लागायला हवा. एका जागी चिंधी एकदम सैल गेली आणि पुढे पुन्हा घट्ट झाली, तर तिथे नळी फुगली आहे. डोळे मिटून केलेस तरी कळेल. शेवटी पोलादी पट्टी नळीवर आडवी लाव आणि उजेडासमोर धर. फुगवट्याच्या दोन्ही बाजूंनी उजेड झिरपतो.

याउपर फुटेल की नाही ते मलाही सांगता येत नाही. पाहून झाल्यावर हात वर करायचा की नाही, ते तू ठरव.

कलम सातवे. आईला कापसाबद्दल कधीही कोणी काही सांगू नये. तिची पद्धत बदलू नये. हत्यार राहिले नाही तर पूजेत दुसरे काही ठेवावे आणि त्याला कापूस लावू द्यावा. देवघरातली ती डबी तशीच राहू द्यावी.

कलम आठवे, राहिले होते म्हणून. माझे क्रियाकर्म दादांनी करावे. त्यांना नको असेल तर प्रणिताने. दोघांनाही नको असेल तर नामदेवरावांनी त्यांच्या सोयीने पाहावे. ते मृत्युपत्राची अंमलबजावणीही करतील.

येणेप्रमाणे माझे जे होते त्याचे मी लिहिले आहे, आणि जे माझे नव्हते त्याचेही लिहिले आहे. वाचणाऱ्याने दोन्हींत फरक करावा, पण दोन्ही वाचावे. लिहिलेले पुन्हा वाचून पाहिले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

इंदुमती शशिकांत बिरादार
(सही)

आमच्या समक्ष इंदुमतीबाईंनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:

१. नामदेवराव मुधोळकर, वकील, नारायणगुडा (सही). आज सर्वपित्री अमावस्या, कागद उद्या घटस्थापनेला करू, असे मी सुचवले होते. बाई म्हणाल्या, पितर साक्षीला असलेले बरे. त्यांच्या इच्छेनुसार आजच केला.

२. विवेक लातूरकर, औषधांचे दुकान, नारायणगुडा (सही)

ठिकाण: हैदराबाद
दिनांक: १२ ऑक्टोबर १९९६

उद्या: विजेरीत नवे सेल घालून ती आणि भिंग मलकपेठला नेणे, प्रणिताच्या हातात देणे.